देवळातलं घर

भाचीने फोनवर बोट फिरवलं आणि एक अख्खं घर पुसलं गेलं. स्पेनमधल्या मेरिदा शहरातली ती आमची पहिलीच संध्याकाळ. दुपारी डायना या रोमन देवीच्या देवळासमोर तिने फोटो काढला होता: ग्रॅनाइटचे उंच खांब, त्यांच्या माथ्यावरची झिजलेली कोरीव पानं आणि वर जूनअखेरीचं कडक निळं आकाश. प्रत्यक्षात त्या खांबांच्या आत, देवळाच्या अगदी पोटात, एक दुमजली वाडा उभा आहे. सोळाव्या शतकातला, कोर्बोस नावाच्या सरदार घराण्याचा. त्याच्या दगडी कमानी खांबांच्या फटींतून डोकावतात. फोटोत मात्र त्याची एक भिंतही उरली नव्हती. “बघ मावशी, आता कसं स्वच्छ दिसतंय!” तिने तो घरच्या ग्रुपवर टाकला, पाच मिनिटांत अंगठे आणि बदाम गोळा झाले, कोल्हापूरहून ताईने लिहिलं, “किती शांत जागा आहे गं.” मीही छान म्हटलं. पण रात्री पडद्यामागच्या गरम हवेत झोप येईना, तेव्हा तो नाहीसा झालेला वाडा डोळ्यांसमोरून हलेना.

कारण देऊळ आज उभं आहे ते त्या वाड्यामुळे. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांत, ते शहराच्या मुख्य चौकात बांधलं गेलं. डायनाचं नाव त्याला फार पुढे, सतराव्या शतकात चिकटलं. मुळात तिथे पूजा व्हायची ती सम्राटाची. साम्राज्य गेलं, पूजा थांबली. मग अशा इमारतीचं जे होतं ते होतं. लोक दगड उचलून नेतात, कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या उंबऱ्याला. शहरातल्या बाकीच्या देवळांचं तेच झालं. पण इथे एका घराण्याला वाटलं की एवढे भक्कम खांब आयते उभे आहेत, तर मधे भिंती घालू आणि राहू. खांब वाड्याच्या भिंतीत चिणले गेले आणि म्हणून जागच्या जागी राहिले. विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी वाड्याचा बराच भाग उतरवला आणि खांब मोकळे केले. म्हणजे भाचीने बोटाने जे केलं त्याचा निम्मा भाग आधी पहारींनी झालेलाच होता. सुदैवाने त्यांनी हात मधेच थांबवला आणि वाड्याचा एक तुकडा शिल्लक ठेवला.

मेरिदाला यायचं माझ्या डोक्यात नव्हतं. भाची माद्रिदला शिकते, तिला सुट्टी होती, आणि आपल्याकडून स्पेनला जाणारे सगळे जे करतात तेच मीही मनात योजलं होतं: बार्सेलोना, ग्रानादा, सेव्हिल. सेव्हिलच्या गर्दीने मी थकले. तिथल्या अल्काझार राजवाड्याच्या रांगेत उभं राहून पाय भरून आले. तेव्हा भाचीने नकाशा पुढे धरला आणि उत्तरेला बोट ठेवलं, “इथे कोणी जात नाही, चल.” बसने दोन-अडीच तास. वाटेत सुकलेल्या पिवळ्या गवताची माळरानं, त्यात लांब-लांब अंतरावर उभी असलेली ओकची झाडं, सावलीला टेकलेली काळी डुकरं. एक्स्त्रेमादुरा हा स्पेनमधला गरीब, मागे राहिलेला प्रांत समजला जातो आणि मेरिदा त्याची राजधानी, तीसुद्धा १९८३ पासूनची. बसमधून उतरलो तेव्हा उन्हाचा असा चटका बसला की नागपूरच्या लोकांनीही मान डोलावली असती. रस्ते रिकामे, दुकानांची लोखंडी दारं खाली ओढलेली, कुठेतरी बंद खिडकीआड भांड्यांचा आवाज.

सात वाजल्यानंतर शहर जागं झालं आणि आम्ही पुलावर गेलो. हा पूल माझा सगळ्यात लाडका झाला. साठ कमानी, सुमारे ७९० मीटर लांबी, खालून ग्वादियाना नदी. इसवी सनापूर्वी २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी ही वसाहत वसवली गेली तीच या उताराच्या जागेमुळे; आधी नदी ओलांडायची सोय, मग शहर. पुराने काही कमानी वाहून गेल्या, लढायांत काही पाडल्या गेल्या, प्रत्येक वेळी त्या त्या काळातल्या गवंड्यांनी आपल्या पद्धतीने बांधून काढल्या. नीट पाहिलं तर दगडाचा रंग आणि कमानीची गोलाई बदलत जाते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत यावरून मोटारी जायच्या. नदीवर जवळच वास्तुकार कालात्रावाने आखलेला पांढरा नवा पूल झाला, तेव्हा कुठे म्हाताऱ्याला निवृत्ती मिळाली. आता त्यावर लोक फक्त चालतात. आजोबा हात मागे बांधून, आया बाबागाड्या ढकलत, पोरं स्केटबोर्डवर. दगड पायांनी इतके गुळगुळीत झालेत की माझी चप्पल एकदोनदा सटकली.

कठड्यावरून वाकून पाहिलं तर काठाच्या लव्हाळ्यात पांढरे बगळे, आणि एका कोपऱ्यात ओळखीची हिरवी चकाकती पानं. जलपर्णी! मला आधी खरंच वाटेना. २००४ पासून ग्वादियानात तिने असा धुमाकूळ घातला की यंत्रं लावून ढीगच्या ढीग उपसावे लागले. दक्षिण अमेरिकेतून निघालेली ही वनस्पती आमच्या पंचगंगेतही पोचली आणि इथेही. पंचगंगा आठवली तशी ब्रह्मपुरीची टेकडी आठवली. शाळेतून आम्हाला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये नेत, तिथे काचेआड एक छोटी कांस्यमूर्ती होती, पोसायडनची. ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात खोदताना सापडलेली. रोमन व्यापाराबरोबर सातवाहनांच्या काळात ती कोल्हापूरला आली असावी असं बाई सांगायच्या, आणि आम्ही रांगेत एकमेकींच्या वेण्या ओढत पुढे सरकायचो. आता या पुलावर उभी असताना त्या वीतभर देवाची मला फार ओढ वाटली. ज्या जगात हा पूल बांधला गेला, त्या जगातून तो निघाला, कुठल्याशा गलबतावर चढला, घाट चढून आमच्या गावी आला, आणि कोणीतरी तो जपून ठेवला. त्याला तिथे कोण समजत असतील? समुद्राचा देव म्हणून ओळखत असतील, की एक देखणा परदेशी बाहुला?

सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत, रोमन नाट्यगृहात गेलो. सुमारे सहा हजार माणसं बसतील असं अर्धवर्तुळ, आणि समोर रंगमंचामागे संगमरवरी खांबांची दुमजली रांग. आत शिरताना अंधारा बोळ लागतो आणि त्यातून बाहेर पडलं की एकदम सगळं उजळ अंगावर येतं. ऑगस्टसचा जावई आग्रिप्पा याचं नाव तिथे दगडात आहे. पण मला जास्त गंमत वाटली ती मधल्या पंधरा-सोळाशे वर्षांची. ख्रिस्ती धर्म आल्यावर नाटकं पापाची ठरली, नाट्यगृह ओस पडलं, हळूहळू मातीने भरत गेलं. वरच्या बैठकींचे सात तुकडे तेवढे जमिनीवर राहिले. गावकरी त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणायचे आणि सांगायचे की सात मूर राजे त्यांवर बसून शहराच्या नशिबाचा फैसला करत. अठराव्या शतकात या जागी बैलांच्या झुंजीही झाल्या. १९१० मध्ये खोदकाम सुरू झालं, तेव्हा मातीखालून एकेक पायरी वर आली. खांब आडवे पडलेले होते. आज ते उभे दिसतात ते विसाव्या शतकात पुन्हा रचलेले आहेत.

आणि मग १९३३ च्या जूनमध्ये इथे परत नाटक झालं. रोमन नाटककार सेनेकाची ‘मेदेआ’, लेखक उनामुनोने स्पॅनिशमध्ये आणलेली, मुख्य भूमिकेत मार्गारिता शिर्गू. सेनेका स्वतः कोर्दोबाचा, म्हणजे तसा याच मातीतला. तीन वर्षांत यादवी युद्ध पेटलं आणि सगळं थांबलं, पुन्हा सुरू व्हायला पन्नासचं दशक उजाडावं लागलं. आता दर उन्हाळ्यात महोत्सव असतो. आम्ही गेलो तेव्हा तयारी चालली होती: खांबांच्या पायाशी काळे स्पीकर, जाड वायरींची भेंडोळी, एक पोरगा माइकमध्ये “उनो, दोस… उनो, दोस” म्हणत होता आणि त्याचा आवाज शेवटच्या पायरीवर आमच्या कानाशी येत होता. एका जोडप्याला फोटोत त्या वायरी नको होत्या, ते वैतागून निघून गेले. मी तिथे बसूनच राहिले. नाटकाची तालीम, प्रकाशाची जुळवाजुळव, कोणीतरी कोणावर ओरडणं, हे सगळं त्या जागेला इतकं शोभत होतं की डोळे भरून आले. आमच्या गावच्या थिएटरात दुपारी प्रयोगाआधी जो धूळ आणि रंगाचा वास येतो, तो मला तिथे उघड्या आभाळाखाली आला.

वापरात राहिलं ते राहिलं, असं मी तोपर्यंत मनाशी जवळजवळ पक्कं केलं होतं.

अल्काझाबात ते इतकं सोपं राहिलं नाही. नदीला लागून हा किल्ला आहे, ८३५ सालचा, कोर्दोबाचा अमीर दुसरा अब्द अर-रहमान याने बांधलेला. मेरिदाचे लोक सारखे बंड करायचे, त्यांच्यावर वचक बसावा म्हणून पुलाच्या तोंडाशीच तो घातला. दगड कुठून आणले? शहरातूनच. रोमन चिरे, रोमन थडगी, रोमनांनंतर इथे राज्य करणाऱ्या व्हिजिगॉथांच्या काळातल्या चर्चचे तुकडे. आत एक पाण्याचं टाकं आहे. दोन बाजूंनी उतरणारे अंधारे जिने, भिंतीला हात लावला तर ओल, खाली वाळूतून गाळून आलेलं नदीचं पाणी. बाहेर चाळीस अंश आणि इथे अंगावर शहारा. जिन्याच्या तोंडाशी दाराला जे दगड लावलेत ते व्हिजिगॉथांचे कोरीव अर्धस्तंभ आहेत. त्यांवर द्राक्षाचे वेल, पानं, किती नाजूक हाताने कोरलेली. कुणाच्या तरी चर्चमधून ते उपटून आणले असणार, आणि ज्यांचं चर्च होतं ते तेव्हा काठावर उभे राहून बघत असणार. पुढे ८६८ मध्ये पुन्हा बंड झालं, त्यानंतर तेव्हाच्या अमिराने शहराची तटबंदीच पाडून टाकली. थोड्या वर्षांत पश्चिमेला बादाखोस वसलं आणि मेरिदाचं वैभव तिकडे गेलं. त्या टाक्याच्या काठावर मला वाड्याचा आणि देवळाचा पुळका जरा कमी झाला. दगड वाचतो हे खरं. पण तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती कसा गेला, याची चौकशी केल्याशिवाय नुसतं कौतुक करत राहणं मला पटेना.

भाची जिन्यावर बसून पाणी पीत होती. मी तिला म्हटलं, “तू ते घर का पुसलंस गं?” तिने जरा विचार केला. “मला देऊळ जसं होतं तसं बघायचं होतं.” उत्तर प्रामाणिक होतं. मी विचारलं, जसं होतं म्हणजे कधी? हे उघडे करडे ग्रॅनाइटचे खांब कुठल्याही रोमन माणसाने असे पाहिले नव्हते. त्यांच्यावर चुन्याचा गिलावा होता. म्हणजे खरं ‘तसं’ करायचं तर घर पुसून भागणार नाही, खांबांना गिलावा चढवावा लागेल, सम्राटाचा पुतळा आत बसवावा लागेल. आणि समोर त्याला नमस्कार करणारी माणसं, त्यांतली कित्येक गुलाम. ती म्हणाली, “मावशी, फोटो होता गं तो नुसता.” मग थोड्या वेळाने, पायऱ्या चढताना, “पण त्या वाड्यातल्या बाईला सकाळी उठल्यावर खिडकीतून खांब दिसत असतील ना?” हा प्रश्न मला सुचला नव्हता.

दुपारभर आम्ही रोमन कलासंग्रहालयात होतो. वास्तुकार राफाएल मोनेओ याने बांधलेलं, १९८६ साली उघडलेलं. सगळं लांब चपट्या विटांचं, एकामागोमाग एक प्रचंड कमानी, वरून उतरणारा पांढरा उजेड. तळघरात खोदकामातली घरं आणि रस्त्याचा एक तुकडा जागच्या जागी ठेवलाय, त्याच्यावर ही इमारत अलगद पाय टेकून उभी आहे. सम्राटांच्या मुंडक्यांसमोर लोक थांबत होते. मला तिथल्या दोन बायकांपासून हलवेना. एक लुतातिया लुपाता, सोळाव्या वर्षी गेलेली. तिला वाढवणाऱ्या लुतातिया सेवेराने तिच्यासाठी दगड कोरून घेतला, आणि त्यात ती मुलगी तंतुवाद्य वाजवते आहे. डोक्यावर बाकदार केस, बोटं तारांवर. दुसरी सेंतिया आमारांतिस. नवऱ्याने, सेंतियस व्हिक्तरने, लिहवून घेतलंय की ती त्याची अतिशय लाडकी बायको होती आणि ती दोघं सतरा वर्षं बरोबर राहिली. चित्रात ती पिंपाच्या तोटीखाली भांडं धरून उभी आहे. दारूचा गुत्ता चालवत असावी. मरणानंतरही तिला तिच्या कामावर उभं केलं, कपाळावर पदर-बिदर ओढून सोज्वळ केलं नाही, हे मला फार आवडलं. व्हिक्तरला बायको तशीच आठवत होती, हात भरलेले.

रात्री चौकातल्या कमानींखाली जेवायला बसलो. शाकाहारी माणसाची इथे पंचाईत होते, सगळीकडे हॅमच. वेटरने बऱ्याच चर्चेनंतर मांसाचे तुकडे न घालता मिगास आणून दिलं. शिळ्या पावाचा चुरा, ऑलिव्ह तेलात लसूण, वर लाल तिखटाची भुकटी. पहिला घास घेतला आणि मी भाचीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. फोडणीची पोळी! फक्त हळद नाही आणि तिखटाला धुराचा वास. हे तिखट याच प्रांतातल्या ला व्हेरा खोऱ्यातलं, ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरच्यांचं. मिरची अमेरिकेतून इथे आली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे. त्या अमेरिकेवर चालून गेलेली कितीतरी माणसंही याच रखरखीत मुलखातली. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस इथून जवळच्या मेदेयीनचा, पेरू जिंकणारा पिसारो त्रुहियोचा. घरी काही नव्हतं म्हणून समुद्रापार गेले आणि दुसऱ्यांची राज्यं बुडवली.

त्यांच्या मागोमाग गेलेल्यांनी १५४२ मध्ये मेक्सिकोच्या युकातानमध्ये एक शहर वसवलं. तिथे मायांचं त्हो नावाचं नगर होतं, उंच दगडी देवळांचं. ती बघून त्यांना इथले रोमन अवशेष आठवले, म्हणून नव्या शहराला त्यांनी मेरिदा नाव दिलं. आणि मायांची ती देवळं मोडून त्याच दगडांनी चर्च आणि वाडे बांधले. ज्यांना आपल्या देशातल्या पडक्या खांबांचं एवढं प्रेम की समुद्रापलीकडे त्यांची आठवण यावी, त्यांनीच तिथली उभी देवळं पाडली. मी हे भाचीला सांगत होते तेव्हा शेजारच्या टेबलावर वाढदिवस चालला होता, सगळे टाळ्या वाजवत होते. आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. मिगास थंड झालं तरी संपवलं.

सांता एउलालियाच्या चर्चपुढेही आम्ही उभ्या राहिलो, ते लिहायलाच हवं. रोमन छळात जाळली गेलेली ही कोवळी मुलगी शहराची रक्षक आहे. डिसेंबरात तिच्या उत्सवाच्या सुमारास नदीवरून धुकं येतं, त्याला लोक तिचंच धुकं म्हणतात. चर्चसमोर तिची छोटी घुमटी आहे आणि तिच्या दर्शनी भागाला १६१२ मध्ये मार्सच्या देवळाचे कोरीव संगमरवरी दगड लावले. युद्धदेवाचं नाव अजून त्यावर वाचता येतं. ज्यांच्या देवांना धूप घालायला तिने नकार दिला म्हणून ती मेली, त्याच देवाचं देऊळ तिच्या अंगणात आलं. बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई थांबली, जाळीतून आत बोट घालून काहीतरी पुटपुटली आणि घाईने निघून गेली. तिला मार्सचं काही पडलेलं नव्हतं. मला मात्र त्या दगडांचा तिथला मुक्काम बरोबर वाटला, अल्काझाबातल्या दगडांचा वाटला नव्हता तेवढा. असं का, ते मी अजून स्वतःला नीट सांगू शकत नाही. कदाचित दुबळ्याच्या हाती लागलेल्या दगडाचा न्याय वेगळा असतो.

लोस मिलाग्रोसच्या जलवाहिनीचे खांब स्टेशनच्या पलीकडे गवतात उभे आहेत, पंचवीस मीटर उंच, ग्रॅनाइट आणि लाल विटांचे पट्टे आलटून पालटून. पाणी कधीच थांबलं, आता प्रत्येक माथ्यावर करकोच्यांची घरटी. त्यांच्या चोचींचा टकटकाट लांबवर ऐकू येतो. ते पाणी जिथून यायचं तिथे आम्ही शेवटच्या दिवशी टॅक्सी करून गेलो. शहरापासून पाचेक किलोमीटरवर प्रोसेर्पिनाचा तलाव. रोमन धरणाची भिंत चारशे मीटरहून लांब, आणि ती आजही पाणी धरून आहे. रविवार होता. काठावर अर्धं मेरिदा लोटलं होतं: छत्र्या, बर्फाच्या पेट्या, कलिंगडाच्या फोडी, आज्या घडीच्या खुर्च्या पाण्यात नेऊन गुडघाभर बुडून बसलेल्या, पोरं धपाधप उड्या मारणारी.

तलावाला नाव पडलं ते इथे सापडलेल्या एका कोरीव दगडामुळे. रोमन काळात कोणाचे तरी कपडे चोरीला गेले. त्या माणसाने आतेसिना-प्रोसेर्पिना देवीला गाऱ्हाणं घातलं की माझे सहा अंगरखे आणि दोन तागाचे झगे ज्याने नेले त्याचा तू सूड घे. वस्तूंची यादी अगदी व्यवस्थित, मोजून. मी हे सांगून होईपर्यंत भाची पोहायच्या कपड्यांत तयार होती. तिने आपला कुडता, पाकीट आणि तो फोन माझ्या मांडीवर ठेवला, “लक्ष ठेव गं मावशी,” म्हणाली आणि पाण्याकडे पळाली. पाच मिनिटांनी परत आली, नखशिखांत ओली, आणि मला हाताला धरून ओढायला लागली. शेजारच्या छत्रीतल्या आजींनी हसत सामानाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे: मी बघते, जा तुम्ही. मी साडीचा काठ वर खोचला आणि पाण्यात उतरले.